काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनावरील माहितीपटाचं पार्श्वसंगीत : कामाच्या नोंदी

काम : ४२ मिनिटांचा माहितीपट, दूरचित्रवाणीसाठी. निवेदन मराठी आणि कन्नड, दोन स्वतंत्र आवृत्त्या. संगीतासाठी एकूण १,२०,००० रुपये, त्यात वादक, भाडी, मिक्सिंग आणि संगीतकाराचा मोबदला सगळं आलं. मुदत सहा आठवडे. साहित्य : लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, एक मोठा कंडेन्सर माइक, भाड्याने आणलेली छोट्या कंडेन्सरची जोडी. जिल्ह्याच्या गावी बसून असं काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका आणि खर्चासकट लिहिलं आहे.

१२ जून. स्पॉटिंग

दिग्दर्शक आणि संकलकाबरोबर चित्र तीनदा पाहिलं. पहिल्या फेरीत ३१ ठिकाणी संगीत हवं असं ठरलं. दुसऱ्या फेरीत निम्म्या जागी निवेदन इतकं भरगच्च निघालं की खाली काहीही ठेवलं तरी चिखलच होणार. शेवटी १९ क्यू (संगीताचे तुकडे), मिळून २३ मिनिटं.

क्यूची यादी करताना प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहिल्या : सुरू होण्याचा टाइमकोड (चित्रातली नेमकी वेळ), संपण्याचा टाइमकोड, निवेदनाचा कोणता शब्द वरून जातो, आणि संगीत का हवं ते एका ओळीत. चौथा रकाना भरता आला नाही की क्यू रद्द. ‘वातावरणनिर्मिती’ हे कारण धरलं नाही.

एक प्रश्न या दिवशी विचारायचा राहिला, त्याची किंमत ८ जुलैच्या नोंदीत आहे.

१५ जून. पट्टी

चित्रात गाणारे दोन गट आहेत : पुरुषांचं भजनी मंडळ आणि स्वागतगीत गाणाऱ्या शाळकरी मुली. पुरुष पांढरी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर सा धरून) मोकळे गातात. त्या पट्टीत मुलींचा आवाज खाली बसतो. त्यांना पांढरी पाच किंवा काळी चार लागते. दोन पट्ट्या घेतल्या की प्रत्येक जोडावर तंबोरा बदलावा लागतो, आणि तो बदल कानाला खडा लागल्यासारखा लागतो.

उपाय साधा आहे. तंबोरा पांढरी दोनचा, पण पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात. म्हणजे तारा झाल्या पांढरी पाच आणि पांढरी दोन. पुरुष गातात तेव्हा हे सूर म-सा ऐकू येतात. मुलींनी पांढरी पाचचा सा धरला की तेच सूर सा-प होतात. तंबोऱ्याला हात न लावता षड्ज सरकतो. १९ पैकी ११ क्यू या एका तंबोऱ्यावर उभे केले.

तंबोरा मिरजेच्या बनावटीचा, रोज ५०० रुपये भाड्याने. इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरून पाहिला. दोन मिनिटांनंतर त्याचं आवर्तन ओळखू येतं आणि निवेदनाच्या विरामात ते उघडं पडतं. खऱ्या तंबोऱ्याचं सलग सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग तीनदा केलं आणि त्यातलं एक वापरलं. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली घातलेला) दमट हवेत सरकतो, म्हणून दर वेळी आधी तपासायचा.

१६ जून. जागा

खोली बेळगावच्या टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला. गाडी गेली की ४० ते ६० हर्ट्झची घरघर तंबोऱ्याच्या खर्जाखाली येऊन बसते. ८० हर्ट्झखालचं कापलं तर घरघर जाते, पण खर्जाची तारही पातळ होते. गाड्यांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवणं हाच इलाज.

वडगावात एका ओळखीच्या घरी प्रयत्न केला तर तिथे यंत्रमाग. माग फक्त वीज गेल्यावर थांबतात. म्हणून लॅपटॉप आणि इंटरफेस बॅटरीवर चालवून वीज जाण्याची वाट पाहिली. एरवी विजेच्या नावाने बोटं मोडतो, या आठवड्यात ती गेली की हायसं वाटायचं. माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बॅटरी भराभर खातो. आमची जेमतेम ५० मिनिटं टिकली.

१९ जून. प्रांतांची माळ (फसलं)

क्यू ४ : देशभरातून प्रतिनिधी येतात, अधिवेशनासाठी वसवलेलं विजयनगर उभं राहतं, पंपा सरोवर नावाची विहीर दिसते. ७० सेकंद. सुचलं ते असं की प्रत्येक प्रांताचं एक वाद्य घ्यायचं : पंजाबची ढोलक, तमिळ मुलखाचं नादस्वर, बंगालचा एकतारा, आपल्याकडचं संबळ. नादस्वराचं छोटं रेकॉर्डिंग आणि विकत घेतलेले नमुने मिळून ९,५०० रुपये आणि चार दिवस गेले.

लावून पाहिलं तर प्रजासत्ताक दिनाचे चित्ररथ. का फसलं हे नीट लिहून ठेवण्यासारखं आहे.

एक, ७० सेकंदांत आठ वाद्यं म्हणजे प्रत्येकाला नऊ सेकंदही नाहीत. एवढ्यात वाद्य ओळखू येतं, पण ऐकू येत नाही. दोन, प्रत्येकाचा षड्ज वेगळा. सगळे एका पट्टीत ओढले तर नादस्वराची धार गेली. तीन, आणि हे मुख्य : चित्राचा विषयच हा नाही. १९२४ साली गांधीजींपुढचा पेच बंगाली विरुद्ध मराठी असा नव्हता. काउन्सिलात (कायदेमंडळात) जावं म्हणणारे फेरवाले आणि जाऊ नये म्हणणारे नाफेरवाले यांच्यात काँग्रेस दुभंगायला आली होती. सप्टेंबरात कोहाटची दंगल झाली होती आणि हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास झाला होता. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, या ३९ व्या अधिवेशनाचे, २६ आणि २७ डिसेंबरला. ते इथे सांधा जुळवायला बसले होते, आणि आमचं संगीत तिकडे मिरवणूक काढत होतं.

दिग्दर्शक एवढंच म्हणाले, “यात भांडण कुठाय?”

क्यू ४ पुन्हा शून्यापासून. आता फक्त तंबोरा आणि त्यावर दोन आवाज : एक टाळ, एक पखवाज. दोघं एकच भजनी ठेका वाजवतात, पण टाळ एक मात्रा उशिरा येतो. ४० सेकंदांपर्यंत ते जुळत नाहीत. विहिरीच्या दृश्यावर टाळ एक मात्रा गाळतो आणि दोघं एका समेवर येतात. खर्च शून्य. हे करायला दीड तास लागला.

२३ जून. चरखा, पहिली खेप (फसलं)

काँग्रेसचं सभासदत्व दरमहा २००० वार सुतावर ठरवण्याचा निर्णय बेळगावात मान्य झाला. सूत स्वतः कातलेलं चालेल, नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. त्यामुळे चरख्याचा आवाज हाच तालाचा पाया धरायचा असं ठरलं. एका खादी केंद्रात जाऊन दोन तास रेकॉर्डिंग केलं. स्वच्छ, बारीक, सुरेख आवाज मिळाला.

घरी आल्यावर लक्षात आलं की तो पेटी चरखा होता. पेटी चरखा येरवड्याच्या तुरुंगात १९३० च्या सुमारास घडला. १९२४ च्या चित्राखाली त्याचा आवाज म्हणजे चालत्या टांग्याला स्कूटरचा हॉर्न. प्रेक्षकांपैकी किती जणांना कळलं असतं, हा वाद बाजूला. चित्रात त्याच वेळी उभ्या चरख्याचं मोठं चाक दिसतं, आणि मोठ्या चाकाला इतका बारीक आवाज येत नाही हे न कळताही खटकतं.

२५ जून. चरखा, दुसरी खेप

हुदली. गंगाधरराव देशपांड्यांचं गाव. ते या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. तिथे मोठ्या चाकाचा जुना चरखा चालू स्थितीत मिळाला. कातणाऱ्या आज्जींना मानधन दिलं. दोन खेपांचा मिळून खर्च ५,२०० रुपये.

माइक कुठे ठेवायचा यावर तास गेला. चाकासमोर ठेवला तर नुसता वारा आणि आरीचा कुरकुर आवाज. चातीपासून (सूत गुंडाळलं जातं त्या सळईपासून) ३० सेंटीमीटरवर, थोडा खालून वर रोखलेला ठेवला तेव्हा तीन आवाज वेगळे मिळाले : माळेची (चाकावरून चातीवर जाणाऱ्या दोरीची) सळसळ, चातीची शिट्टी आणि लाकडाचा ठोका. दुसरा माइक पाटाखाली, चाकाच्या खांबाजवळ. आज्जींच्या बांगड्या पहिल्या दहा मिनिटांत अडचण वाटल्या. त्या काढायला सांगायचं जिवावर आलं, म्हणून तसंच रेकॉर्ड केलं. शेवटी तोच आवाज सगळ्यात जास्त वापरला गेला. बांगडी पेळू (कापसाची वळकटी) ओढताना नव्हे, तर सूत गुंडाळताना वाजते, म्हणजे तिला आपोआप जागा ठरलेली आहे.

आता ताल. चरख्याचं एक आवर्तन असं : पेळूतून सूत ओढताना चाकाचे तीन-साडेतीन फेरे, मग क्षणभर थांबा, चाक किंचित उलटं, आणि चातीवर सूत गुंडाळताना अर्धा फेरा. हे सगळं सुमारे पाच सेकंदांत. आमची लय मिनिटाला ७२ मात्रा, म्हणजे भजनी ठेक्याच्या आठ मात्रांना ६.६७ सेकंद. पाचाचे पावणेसात करायला आवाज ताणला तर चरख्याचा रहाट झाला. उलट लय चढवून ९६ केली तर खाली निवेदक घाई करतोय असं वाटतं.

जमलं ते असं : ओढण्याचा आणि गुंडाळण्याचा आवाज मूळ वेगातच ठेवला, फक्त मधला थांबा लांबवला. थांब्यात आवाजच नसतो, त्यामुळे तिथे दीड-पावणेदोन सेकंद घातले तरी कळत नाही. गुंडाळण्याचा अर्धा फेरा समेवर आणला. सात आवर्तनं वेगवेगळी कापून घेतली आणि उलटसुलट लावली. एकच आवर्तन फिरवलं तर चौथ्या वेळी कानाला कळतं.

२७ जून. भजनी मंडळ

येळ्ळूर रस्त्यावरच्या एका देवळात, नऊ जण. पेटी, पखवाज, वीणा आणि सहा टाळकरी. दिवसभराचे १८,००० रुपये, जेवण धरून. पेटी आणि पखवाजाचं वेगळं काम दुसऱ्या दिवशी, ८,००० रुपये.

पेटी ट्यूनरला लावली तर १४ सेंट चढी (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्झऐवजी ४४३.५ च्या आसपास. पेटी उतरवता येत नाही, आणि तंबोरा तर आधीच ४४० वर घेऊन ठेवलेला. तंबोऱ्याचा ट्रॅक १४ सेंट चढवला. एवढ्याने काही बिघडत नाही. पण क्रम चुकला हे खरं. जे वाद्य हलत नाही त्याचा सूर आधी मोजायचा, मग बाकीचे त्याला लावायचे.

पखवाजाचं दुखणं वेगळं. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं आणि डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाळत नाही, म्हणजे घुमारा जास्त आणि ठोका कमी. ६० वॉटचा दिवा हातभर अंतरावर लावून उजवं तोंड शेकलं. कणीक नेहमीपेक्षा घट्ट मळून निम्मीच लावली. तरी तासाभराने उजवं तोंड उतरायचं, म्हणून दर दोन टेकनंतर गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर मिळवला.

टाळांचा आवाज सगळ्या माइकमध्ये शिरतो. पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं सगळं टाळमय. सहा टाळकऱ्यांपैकी तिघांना ठेवून चार मीटर मागे, सतरंजीवर बसवलं. उरलेल्या तिघांना धरपद घ्यायला, म्हणजे मागून ओळ धरायला लावलं, त्यामुळे कुणी रुसलं नाही.

लय चढते हे प्रत्येक भजनी मंडळाचं खरं. ७२ वर सुरू केलेलं भजन दोन मिनिटांत ८८ वर. क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) सगळ्यांच्या कानात दिला तर गाण्यातला जीव जातो, आणि पेटीवाले काका तर कानातलं काढूनच ठेवतात. फक्त पखवाजवाल्याच्या एका कानात क्लिक, बाकी सगळे त्याच्याकडे बघून. असं केल्यावर दोन मिनिटांत ७२ ते ७४. तेवढं समेवर कापून भरून निघतं.

३० जून. चौंडकं आणि संबळ

सौंदत्तीच्या यात्रेच्या वाटेवर वाजणारं चौंडकं. ७,००० रुपये, दोन वादक. हे क्यू ९ साठी, स्वयंसेवकांची धावपळ, डॉ. हर्डीकरांच्या सेवादलाची छायाचित्रं आहेत तिथे. चौंडक्याची तार ओढून सूर वरखाली होतो, त्यामुळे तंबोरा बंद ठेवायचा. दोन्ही चालू ठेवले तर तंबोराच बेसूर वाटतो. बाकी हा क्यू पहिल्या टेकमध्ये झाला.

३ जुलै. हक्क

अधिवेशनात हुयिलगोळ नारायणराव यांचं ‘उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु’ गायलं गेलं. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत पुढे मोठ्या झालेल्या गंगूबाई हनगळ होत्या, तेव्हा वय अकरा. चित्रात हे गाणं हवंच असा आग्रह होता, आणि जुनं म्हणून मोफत अशी सगळ्यांची समजूत.

तसं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. कवी १९७१ मध्ये वारले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत शब्द हक्काखाली. गांधीजींचं लेखन मात्र २००९ पासून मोकळं आहे, त्यामुळे अध्यक्षीय भाषणातले उतारे निवेदनात घेता आले. आणखी एक खड्डा : ‘पारंपरिक’ भजन मोकळं असतं, पण ते ज्या ध्वनिमुद्रिकेवरून उचललं तिचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून जुन्या मुद्रिकेचा एकही सेकंद वापरला नाही.

परवानगीला वेळ पुरणार नव्हता. उपाय : निवेदनात गाण्याचा आणि कवीचा उल्लेख, खाली मुलींचा समूह, शब्दांशिवाय, स्वतंत्र चालीवर आकार आणि सरगम. मूळ चालीचा भास होईल अशी एकही ओळ ठेवली नाही. सहा मुली, पालकांची लेखी संमती, ९,००० रुपये. शब्द नसल्याचा फायदा पुढे दिसला : दोन्ही भाषांच्या आवृत्तीत हा क्यू जसाच्या तसा बसला.

करारात दोन ओळी घालून घ्याव्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देता येत नाही. निर्मात्याने दिलेल्या छापील मसुद्यात ‘सर्व हक्क कायमचे’ असं असतं, ते तसंच सही करून देऊ नये. आणि क्यू शीट त्याच दिवशी भरायला घ्यावी : क्यूचं नाव, कालावधी, संगीतकार, वापर पार्श्वभूमीला की दृश्यात. शेवटी भरायची म्हटलं की सेकंद जुळत नाहीत.

८ जुलै. फ्रेम दर (सगळ्यात महागडी चूक)

१२ जूनला न विचारलेला प्रश्न : अंतिम प्रत सेकंदाला किती फ्रेमची?

आम्हाला आलेलं चित्र २४ फ्रेमचं. वाहिनीला २५ हवं. संकलकाने संपूर्ण चित्र २५ च्या वेगाने चालवलं, म्हणजे चार टक्के जलद. ४२ मिनिटांची झाली ४० मिनिटं १९ सेकंद. आमचं संगीतही त्याबरोबर ओढलं गेलं, आणि सूर अर्ध्या सुराच्या सात-दशांशाने चढला. पांढरी दोन थेट काळी दोनच्या दारात जाऊन बसली. चाचणी प्रतीत मुलींचा आकार ऐकून पहिली शंका आली.

सुदैवाने लय फ्रेममध्ये धरली होती. हिशेब असा : एका मात्रेच्या फ्रेम म्हणजे फ्रेम दर गुणिले ६०, भागिले लय. २४ फ्रेमला लय ७२, तर मात्रा २० फ्रेमची. २५ फ्रेमला मात्रा २० फ्रेमचीच ठेवली तर लय ७५. म्हणजे चित्रातल्या खुणांवर समा जिथल्या तिथे राहिल्या, फक्त लय ७२ ची ७५ झाली आणि ठेक्याचं आवर्तन ६.४ सेकंदांवर आलं. पूर्णांक फ्रेमच्या लयी निवडण्याचा हा फायदा. २५ फ्रेमसाठी ६० (२५ फ्रेम), ७५ (२०) आणि १०० (१५) या सोयीच्या.

दुरुस्ती : सगळे स्टेम (वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक) सूर न बदलता चार टक्के आवळले. गाणं, पेटी आणि तंबोरा टिकले. चरख्यात तर फरक कळतच नाही. टाळ मात्र फुटले. आवळताना ठोक्याची धार पसरते आणि थाळी वाजल्यासारखा आवाज येतो. तिघा टाळकऱ्यांना पुन्हा बोलावलं, ४,५०० रुपये. एकूण पाच दिवस गेले.

१४ जुलै. दोन भाषा

तेच वाक्य कन्नडमध्ये कधी लांब होतं, कधी आखूड. क्यू ७ मध्ये कन्नड निवेदन चार सेकंद पुढे जातं, क्यू १३ मध्ये दोन सेकंद आधी संपतं. दोन आवृत्त्यांचं संगीत वेगवेगळं करायला ना वेळ ना पैसे.

म्हणून प्रत्येक क्यूमध्ये एक सैल सांधा ठेवला : कुठेतरी एक पूर्ण आवर्तन नुसता तंबोरा, त्यावर काही नाही. ते ६.४ सेकंदांचं बेट वाढवता येतं, कमी करता येतं. क्यूचा शेवट हळूहळू विरवत नेला नाही, समेवर सोडून तंबोऱ्याची आस राहू दिली. विरवलेला शेवट दुसऱ्या भाषेत नेमका वाक्याच्या मध्ये येतो.

एक सूचना आली होती : मराठी आवृत्तीत लेझीम, कन्नड आवृत्तीत डोळ्ळू (ढोल). नाही म्हटलं. खर्च दुप्पट हे एक कारण. दुसरं असं की चौंडकं घेऊन सौंदत्तीच्या वाटेवर गाणारा माणूस एक पद कन्नडात म्हणतो, दुसरं मराठीत, आणि वाद्य तेच असतं. इथली वाद्यं आवृत्तीगणिक वाटून द्यायची तर आधी त्यांना विचारावं लागेल. दोन्हीकडे एकच संगीत गेलं.

निवेदनाखाली पेटी हा कायमचा त्रास. पुरुषी आवाजाचे शब्द जिथे उमटतात तिथेच, एक ते तीन हजार हर्ट्झमध्ये, पेटीचाही सूर वाजतो. २००० हर्ट्झला तीन डेसिबल कापून थोडं भागतं. खरा उपाय मिक्सचा नाही, मांडणीचा : निवेदन चालू असताना पेटी एक सप्तक खाली, नाहीतर गप्प. सहा क्यूंमधून पेटी काढूनच टाकली.

१८ जुलै. क्यू १४ : अध्यक्षीय भाषण

१ मिनिट ५० सेकंद. पहिला मसुदा : तंतुवाद्यांचा थर, हळूहळू चढत जाणारा, शेवटी मुलींचा समूह. दुसरा मसुदा : तोच, कमी आवाजात. दोन्ही वेळा भाषण विजयसभेतलं वाटलं. भाषण तसं नाही. त्यात समजुतीची, देवघेवीची भाषा आहे.

तिसरा मसुदा टिकला. ० ते ३५ सेकंद काहीच नाही, फक्त खोलीचा आवाज. ३५ ला तंबोऱ्याची एकच तार, पांढरी दोन, दर सात-आठ सेकंदांनी एकदा छेडलेली. १ मिनिट १० ला सुताच्या अटीचं वाक्य येतं, तिथे चरखा सुरू होतो. ‘२००० वार’ या शब्दांवर चरख्याचा थांबा येईल असं बसवलं. त्यासाठी मराठीत आवर्तन ११ फ्रेम आणि कन्नडमध्ये २६ फ्रेम सरकवलं. आकडा पूर्ण शांततेत ऐकू येतो, मग बांगडी वाजते आणि सूत गुंडाळलं जातं. या १ मिनिट ५० सेकंदांत मोजून ४८ सेकंद संगीत आहे.

२२ जुलै. मिक्स आणि सुपूर्ती

मिक्सिंग बाहेर दिलं, २५,००० रुपये. निवेदनाखाली संगीत १५ ते १८ डेसिबल खाली. पहिली प्रत −१९ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) निघाली. हवी होती −२३, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) −१ च्या आत. सगळं चार डेसिबल उतरवलं की आकडा जुळतो, पण तंबोरा टीव्हीवर ऐकूच येईना. घरच्या टीव्हीचे स्पीकर २०० हर्ट्झखाली फारसं वाजवत नाहीत. खर्जाच्या तारेला ४०० हर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल दिले तेव्हा ती पुन्हा दिसू लागली. मिक्स टीव्हीवर ऐकल्याशिवाय मान्य करू नये. आम्ही शेजाऱ्यांच्या ३२ इंचीवर ऐकला.

स्टेम पाच : तंबोरा, ताल, पेटी आणि सूर, गायन, चरखा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्या फाइली एकाच टाइमकोडपासून सुरू. एक फाइल चुकून ४४.१ ची गेली होती. ती ४८ समजून वाजली की सूर जवळजवळ दीड अर्धसूर वर जातो, त्यामुळे लगेच सापडली.

२४ जुलै. हिशेब

भजनी मंडळ १८,०००. टाळांचं दुसरं रेकॉर्डिंग ४,५००. मुलींचा समूह ९,०००. पेटी-पखवाज ८,०००. चरखा ५,२००. चौंडकं-संबळ ७,०००. तंबोरा चार दिवस २,०००. माइकांचं भाडं ६,४००. फसलेली प्रांतांची माळ ९,५००. मिक्सिंग २५,०००. चहा, रिक्षा, हार्ड डिस्कची केबल वगैरे ३,८००. एकूण ९८,४००. संगीतकाराला उरले २१,६००, सहा आठवड्यांचे. माळ आणि टाळ मिळून १४,००० चुकांचे आहेत. ते टाळता आले असते.

२६ जुलै

कन्नड आवृत्तीची शीर्षकपाटी १४ फ्रेमने लांबली. क्यू १ चं बेट तेवढंच लांबवून स्टेम पुन्हा काढले, क्यू शीटवर कालावधी बदलला. २० मिनिटांचं काम. मराठीची प्रत तशीच.